मे महिन्यातला सिग्नल

कूम ग्वेर्नमध्ये चौतीस घरं आणि एक चॅपेल,
चॅपेलला आता कुलूप.
समोरच्या डोंगराच्या खांद्यावर,
पाटीच्या दगडाच्या खाणीवर एक खांब उभा आहे,
मेंढरं त्याच्या कुंपणाला पाठ घासतात.
तो आमचा ट्रान्समीटर.
छोटा. मोठ्याचं ऐकून पुढे सांगणारा,
म्हणजे गावातल्या कुणाहीसारखाच.

मी छपरांवर चढतो. तीस वर्षं झाली.
तेग्वेन पार्रीच्या धुराड्यावरचा अँटेना
कुणा शहरातल्यानं लावून दिला होता,
काड्या आडव्या, तोंड साठ मैलांवरच्या बड्या मनोऱ्याकडे,
मध्ये अख्खा डोंगर.
मी तो फिरवला, काड्या उभ्या केल्या.
आपला खांब उभ्या लाटा सोडतो, तिला म्हटलं,
चॅनेल कमी मिळतील, पण मिळतील.
"हवामान आपल्या भाषेत येतं ना?"
येतं.
"मग बाकीच्यांचं काय लोणचं घालू?"

जुन्या दिवसांत एक बरं होतं:
सिग्नल मेला तरी हळूहळू मरायचा.
पडद्यावर मुंग्या यायच्या,
मुंग्यांतूनही माणूस ओळखू यायचा,
रग्बीचा चेंडू दिसायचा नाही, पण कोण पडलं ते कळायचं.
आता आकड्यांचा कारभार.
एकतर भुवईचा केस न् केस,
नाहीतर चौकोन, चौकोन,
आणि मग निळा पडदा.
उंबरठ्याच्या अलीकडे सगळं, पलीकडे काही नाही.

म्हणून फोन यायचा मे महिन्यात.
दर मे महिन्यात.
तेग्वेनच्या घरापुढे ॲशचं झाड,
ग्विलिमनं लावलेलं, लग्नाच्या वर्षी,
खांबाचा तेव्हा पत्ताही नव्हता.
हिवाळाभर फांद्यांच्या फटींतून
चित्र सुखरूप घरी पोचायचं.
पानं फुटली, ओली झाली, की
बातम्या देणाऱ्या बाईचा जबडा निखळून बाजूला जायचा.
मी मीटर लावायचो. आकडा काठावर लटपटायचा.
"एक फांदी," मी म्हणायचो, "ही डावीकडची, फक्त."
ती माझ्याकडे अशी बघायची
की मी शिडी गुंडाळायचो.
"पानगळीपर्यंत रेडिओ आहे," म्हणायची.
आणि चहा. आणि घरचा मनुकांचा ब्रेड,
त्यावर लोण्याचा बोटभर थर.

गेल्या वर्षी मे गेला. फोन नाही.
जून अर्धा गेला.
मला वाटलं ते तुम्हालाही वाटलं असेल.
मी मुद्दाम गाडी वळवली.

दार तिनंच उघडलं.
टीव्ही चालू, लख्ख,
निवेदकाच्या टायची वीण मोजावी इतका.
सवयीनं मीटर लावला:
पट्टी शेवटपर्यंत हिरवी.
जूनमध्ये? या घरात?
मग खिडकीतून पाहिलं.
शेंडा उघडा. वरच्या फांद्या जानेवारीतल्यासारख्या,
खाली कुठे कुठे पानांचे झुबके,
सालीवर शंकरपाळ्यांच्या आकाराचे काळपट चट्टे.
खोऱ्यातल्या बहुतेक ॲशना लागलाय तो रोग,
बुरशीचा. वाऱ्यावर येतो,
लाटांसारखाच, दिसत नाही.

तेग्वेननं खुर्ची फिरवली होती,
पाठ खिडकीकडे.
"आता वर्षभर दिसतं," ती म्हणाली.
मी काय बोलणार. पावतीपुस्तक काढलं, परत ठेवलं.
तिनं चहा ओतला. ब्रेड विकतचा होता.
पडद्यावर हवामान लागलं, आपल्या भाषेत,
पश्चिमेकडून सरी, डोंगरावर धुकं,
एकही चौकोन नाही.
ती उठली, टीव्हीचा आवाज बंद केला
आणि रेडिओ लावला.

"जून आहे ना," म्हणाली.